लिहिलेली किंमत आणि द्यायची किंमत

"कुकरवर ऐंशी डॉलर लिहिलंय, मग पंच्याऐंशी डॉलर तीस सेंट कसे घेतले?"

अमेरिकेत नुकतंच उतरलेलं माणूस पहिल्या आठवड्यात हा प्रश्न विचारतंच. एम.एस.ला आलेला विद्यार्थी विचारतो, कंपनीने पाठवलेली इंजिनिअर विचारते, मुलीच्या बाळंतपणासाठी सहा महिने राहायला आलेले आईबाबा तर विचारतातच. पुढे प्रश्न वाढत जातात. जेवणाच्या बिलावर टिपसाठी रिकामी ओळ कशाला? बँकेत पैसे असूनही घर भाड्याने का मिळत नाही? विमा असताना डॉक्टरचं बिल घरी कसं आलं?

या सगळ्या प्रश्नांचं मूळ एकच आहे. आपल्याला किंमत एका आकड्यात ऐकायची सवय असते. अमेरिकेत त्याच किमतीचे वाटे पडतात आणि प्रत्येक वाटेकरी आपला वाटा वेगळ्या ठिकाणी, वेगळ्या वेळी मागतो. दुकानदाराचा वाटा लेबलवर असतो, राज्य सरकारचा काउंटरवर, वाढणाऱ्याचा टेबलावर आणि हॉस्पिटलचा महिन्याभराने टपालाने येतो. कोणता वाटा कोणाचा आणि तो वेगळा का पडला, हे समजलं की पैसे देताना फसवल्यासारखं वाटत नाही. या प्रकरणात एकेक वाटा क्रमाने पाहू.

१. एमआरपी नसलेला देश

भारतात बंद पाकिटातल्या मालावर सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत छापावी लागते. ते कायद्याने बंधनकारक आहे. पुड्यावर वीस रुपये छापले असतील, तर दुकान गिरगावात असो की गडचिरोलीत, दुकानदाराला वीसपेक्षा जास्त घेता येत नाहीत. कर किती, तो केंद्राला किती जातो आणि राज्याला किती, हा हिशेब गिऱ्हाइकाला करावा लागत नाही.

अमेरिकेत एमआरपी नाही, आणि देशभर लागू असलेला एकच विक्रीकरही नाही. वॉशिंग्टनमधलं केंद्र सरकार मालाच्या किरकोळ विक्रीवर सरसकट कर लावतच नाही. तो राज्यांचा प्रांत आहे. पन्नासपैकी पंचेचाळीस राज्यं असा कर लावतात. डेलावेअर, मोंटाना, न्यू हॅम्पशर, ओरेगन आणि अलास्का ही पाच राज्यं लावत नाहीत, मात्र अलास्कात गावांना स्वतःचा कर लावायची मुभा आहे. बऱ्याच राज्यांत राज्याच्या करावर जिल्ह्याचा आणि शहराचा करही चढतो.

आता तो कुकर घेऊ. न्यू जर्सीत विक्रीकराचा दर ६.६२५ टक्के आहे. एडिसनच्या दुकानात ८० डॉलरच्या कुकरवर ५ डॉलर ३० सेंट कर लागतो, म्हणजे द्यायचे ८५.३०. नदीपलीकडे मॅनहॅटनमध्ये राज्याचे ४ टक्के, शहराचे ४.५ टक्के आणि लोकल गाड्या व बसच्या खर्चासाठी ०.३७५ टक्के मिळून ८.८७५ टक्के होतात. तिथे तोच कुकर ८७.१० ला पडतो. गाडी काढून डेलावेअरमध्ये गेलात तर बरोबर ८० डॉलर. लेबल तिन्हीकडे एकच.

हे असं का झालं, त्यामागे मंदीचा इतिहास आहे. १९३०च्या दशकातल्या महामंदीत लोकांना घराजमिनीवरचा कर भरणं जमेना आणि राज्यांच्या तिजोऱ्या आटल्या. तेव्हा एकेका राज्याने आपापल्या गरजेप्रमाणे विक्रीकर सुरू केला, दरही आपापले ठरवले. देशभर माल विकणाऱ्या कंपनीला प्रत्येक गावाचा आकडा जाहिरातीत छापणं अवघड होतं, म्हणून तिने आपली किंमत तेवढी छापली आणि कर काउंटरवर सोडला. पुढे तीच रीत पक्की झाली.

मला स्वतःला गिऱ्हाइकाच्या दृष्टीने एमआरपीच बरी वाटते. हातात मोजके पैसे असलेल्या माणसाला काउंटरवर पोचण्याआधी एकूण रक्कम कळायला हवी. पण अमेरिकन पावतीचा एक गुण मान्य करायला हवा: सरकारने आपल्याकडून नेमकं किती घेतलं, हे तिथे माणूस रोज डोळ्यांनी पाहतो.

सगळ्याच वस्तूंवर कर असतो असंही नाही. न्यू जर्सीत दूध, भाजी, डाळ, तांदूळ यांवर कर नाही, अंगावरच्या कपड्यांवरही नाही. कोल्ड्रिंकवर मात्र आहे आणि गोळ्या-चॉकलेटवरही आहे. त्यातही गंमत अशी की बऱ्याच राज्यांनी मिळून केलेल्या व्याख्येनुसार ज्या वडीत मैदा असतो ती 'कँडी'त मोडत नाही. म्हणून निव्वळ चॉकलेटवर कर लागतो आणि बिस्किटाचा थर असलेल्या चॉकलेटवर लागत नाही. न्यूयॉर्क शहरात ११० डॉलरच्या आतल्या कपड्यावर कर नाही. भारतात परतताना नातेवाइकांसाठी कपडे घेणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं.

पेट्रोल पंपावर हा नियम उलटा होतो. तिथे फलकावर मोठ्या अक्षरांत लिहिलेला गॅलनचा भाव सगळ्या करांसह असतो. त्याच्या शेवटी एक बारीक ९ दिसतो, तो सेंटच्या दहाव्या भागाचा. न्यू जर्सीत आणखी एक वेगळेपण आहे. १९४९पासून तिथे गिऱ्हाइकाने स्वतः पेट्रोल भरायला कायद्याने बंदी आहे. गाडीत बसून राहायचं, पंपावरचा माणूस भरून देतो. शेजारच्या राज्यांत हेच काम आपल्याला करावं लागतं.

२. चिल्लर

८५.३० रोख द्यायचे तर चिल्लर ओळखता यायला हवी. एक सेंटची पेनी तांबूस असते. बाकी तिन्ही चंदेरी: पाच सेंटचं निकेल, दहा सेंटचा डाइम, पंचवीस सेंटचा क्वार्टर. नवख्याची अडचण अशी की डाइम सगळ्यांत लहान आहे, पेनीपेक्षाही, आणि यांच्यावर किमतीचा आकडा नसतो, फक्त शब्द असतो. डाइमवर तर 'वन डाइम' एवढंच. म्हणजे डाइम म्हणजे किती हे आधीच माहीत असावं लागतं.

दहाचं नाणं पाचाहून लहान असण्याचं कारण चांदी. डाइम आणि क्वार्टर १९६४पर्यंत चांदीचे असत आणि जितकी किंमत तितकी चांदी, या हिशेबाने त्यांचा आकार ठरला होता. पाच सेंटचं नाणं १८६६पासून तांबं आणि निकेल या स्वस्त धातूंचं झालं, म्हणून ते मोठं करता आलं. चांदी गेली, आकार राहिले.

३. टिपची रिकामी ओळ

हॉटेलात जेवण झालं की बिल मागताना तिथे 'चेक' म्हणतात. एका छोट्या फोल्डरमध्ये कागद येतो. आपण त्यात कार्ड ठेवतो, वाढणारी ते घेऊन जाते आणि दोन चिठ्ठ्यांसह परत आणून देते. चिठ्ठीवर जेवणाचे ४० डॉलर आणि कराचे २.६५ मिळून ४२.६५ छापलेले असतात. खाली 'टिप' आणि 'टोटल' अशा दोन ओळी रिकाम्या असतात. त्या आपण पेनाने भरायच्या, सही करायची, एक प्रत टेबलावर ठेवायची, दुसरी आपण न्यायची. फोनवर आधी ४२.६५ चा मेसेज येतो आणि एकदोन दिवसांनी खात्यातून ५०.६५ गेलेले दिसतात. कोणी लबाडी केलेली नसते. आपण लिहिलेली ८ डॉलर टिप हॉटेलने नंतर जोडलेली असते.

आठ डॉलर कुठून आले? बसून जेवायच्या हॉटेलात जेवणाच्या रकमेच्या १८ ते २० टक्के टिप द्यायची रीत आहे. हिशेब कराआधीच्या रकमेवर केला तरी चालतो. दहा टक्के म्हणजे चार, त्याची दुप्पट आठ. न्यूयॉर्क शहरात लोक त्याहून सोपं करतात: कराचा आकडा दुप्पट करतात, जवळपास १८ टक्के होतात.

इथे आपल्याकडची माणसं अडतात. टिप म्हणजे खुशीने दिलेली बक्षिशी, जेवण आवडलं तर द्यावी, नाहीतर सुटे पडलेले दहावीस रुपये ठेवावेत, ही आपली समजूत. अमेरिकेत ती वाढणाऱ्याच्या पगाराचाच भाग असते, आणि हे मी अलंकारिक अर्थाने म्हणत नाही. देशाचं किमान वेतन २००९पासून ताशी ७.२५ डॉलर आहे. पण ज्यांना टिप मिळते अशा कामगारांना मालकाने स्वतःच्या खिशातून ताशी २.१३ डॉलर दिले तरी केंद्राच्या कायद्याला चालतं. हा आकडा १९९१पासून हललेला नाही. उरलेले ५.१२ टिपमधून यावेत असं गृहीत धरलेलं असतं. टिप कमी पडली तर फरक मालकाने भरावा असं कायदा सांगतो. टेक्सासमध्ये आजही हाच २.१३ चा दर आहे. कॅलिफोर्निया, वॉशिंग्टन, ओरेगन अशा काही राज्यांत मात्र मालकाला पूर्ण किमान वेतन द्यावंच लागतं. तिथेही टिपची रीत तशीच आहे.

या पद्धतीचं मूळ फारसं अभिमानास्पद नाही. यादवी युद्धानंतर गुलामगिरी संपली आणि पुलमन कंपनीने झोपायच्या सोयीच्या आगगाड्यांत मुक्त झालेल्या कृष्णवर्णीय पुरुषांना हमाल-सेवक म्हणून नेमलं. पगार नाममात्र, बाकी प्रवाशांच्या टिपवर. १९२५मध्ये ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या नेतृत्वाखाली या सेवकांनी आपली संघटना उभी केली. १९३८मध्ये देशाने किमान वेतनाचा कायदा केला, तरी हॉटेलांतले बहुतेक कामगार त्याच्या बाहेरच राहिले. १९६६मध्ये ते कायद्यात आले खरे, पण टिप पगारात धरायची सवलत मालकांना देऊनच. वाढणाऱ्याचा पगार गिऱ्हाइकाच्या मर्जीवर सोडणं मला अन्यायाचं वाटतं. पण तो अन्याय टिप न दिल्याने दूर होत नाही, त्याचा भार फक्त आपल्याला पाणी आणून देणाऱ्या बाईवर पडतो.

टॅक्सीवाला, केस कापणारा, घरी जेवण आणून देणारा यांनाही टिप देतात. लॉजमधल्या खोलीची सफाई करणाऱ्यांसाठी रोजचे दोनचार डॉलर खोलीत ठेवतात. दुकानदार, डॉक्टर, सरकारी कचेरी इथे टिप नाही. अलीकडे कॉफीच्या काउंटरवरही स्क्रीन फिरवून १८, २०, २५ टक्क्यांचे चौकोन दाखवतात. तिथे देणं ऐच्छिक आहे, 'नो टिप' दाबायला संकोच नको. आणि सहाआठ जणांचा गट जेवायला गेला असेल तर बिल नीट वाचा. अनेक ठिकाणी मोठ्या गटाच्या बिलात 'ग्रॅच्युइटी' नावाने टिप आधीच धरलेली असते. रिकामी ओळ तरीही खाली असतेच, आणि नवखी माणसं दुसऱ्यांदा टिप देऊन बसतात.

४. उधारीची वही

"खात्यात दहा हजार डॉलर आहेत, तरी घरमालक नाही म्हणतो," ही तक्रार हमखास ऐकू येते. घरमालकाने पाहिलेला असतो क्रेडिट स्कोअर, आणि आपल्या नावापुढे तिथे काहीच नसतं.

गावातला वाणी उधारीची वही ठेवतो. कोण वेळेवर फेडतं, कोणाला तीनदा सांगावं लागतं, हे त्या वहीतून त्याला कळतं. गावात नव्याने आलेल्याचं पान वहीत नसतं, मग तो कितीही श्रीमंत असो. अमेरिकेत अशा वह्या ठेवणाऱ्या तीन मोठ्या कंपन्या आहेत: इक्विफॅक्स, एक्सपीरियन आणि ट्रान्सयुनियन. त्यांच्या नोंदींवरून ३०० ते ८५० मधला एक आकडा काढतात. सर्वांत जास्त वापरला जाणारा फायको स्कोअर १९८९मध्ये आला. त्यात ३५ टक्के वजन वेळेवर परतफेडीला आहे आणि ३० टक्के वजन उधारी मर्यादेच्या किती जवळ गेली याला. पगार आणि बँकेतली शिल्लक यांना त्यात स्थान नाही. भारतातला सिबिलचा उत्तम स्कोअरही इथल्या वहीत उतरत नाही. डेबिट कार्डाने वर्षभर खरेदी केली तरी पान कोरंच राहतं, कारण त्यात उधारी घेतलेलीच नसते.

कर्जाला पाप मानणाऱ्या घरातून आलेल्या मुलामुलींना हे विचित्र वाटतं. पण पान सुरू करायला कर्जबाजारी व्हावं लागत नाही. बँकेत ३०० डॉलर अनामत ठेवून 'सिक्युअर्ड' क्रेडिट कार्ड मिळतं, त्याची मर्यादा साधारण तेवढीच असते. महिन्याला ५०-६० डॉलरची भाजी त्यावर घ्यायची आणि बिल आलं की मुदतीआधी पूर्ण भरायचं. पूर्ण भरलं तर खरेदीवर व्याज लागत नाही. सहा महिन्यांत स्कोअर तयार होतो. मर्यादेच्या ३० टक्क्यांच्या आत, म्हणजे इथे ९० डॉलरच्या आत राहिलं तर तो चांगला वाढतो.

एक धोका तारखेचा. अमेरिकेत आधी महिना आणि मग दिवस लिहितात. बिलावर मुदत ५/६ लिहिली असेल तर ती ६ मे आहे. आपल्या सवयीने ५ जून समजून त्या दिवशी पैसे भरले तर बरोबर तीस दिवसांचा उशीर होतो. दंड तर आधीच लागलेला असतो, शिवाय तीस दिवसांचा उशीर हीच ती सीमा आहे जिथून बँका थकबाकी त्या तीन वह्यांकडे कळवू लागतात. नवीन कोऱ्या पानावर पहिलीच नोंद अशी नको. बँकेला सांगून आपोआप पैसे भरले जाण्याची सोय पहिल्याच दिवशी लावून घ्यावी.

५. विमा असून आलेलं बिल

सगळ्यांत जास्त घबराट इथे होते, आणि त्या घबराटीपायी माणसं दुखणं अंगावर काढतात, विशेषतः विद्यार्थी. म्हणून हा हिशेब सावकाश समजून घेऊ.

आधी, विमा नोकरीला का बांधलेला? दुसऱ्या महायुद्धात, १९४२मध्ये, सरकारने पगारवाढीवर निर्बंध घातले. कामगार तर हवे होते. मग कंपन्यांनी पगाराऐवजी आरोग्यविमा देऊ केला. पुढे त्यावर करसवलत पक्की झाली आणि नोकरी तिथे विमा ही घडी बसली.

आता चार शब्द. दर महिन्याला पगारातून कापला जातो तो 'प्रीमियम', आजारी पडा की न पडा. वर्षातला पहिला ठरावीक खर्च आपल्या खिशातून, तो 'डिडक्टिबल'. तो भरून झाल्यावर पुढच्या खर्चात आपला जो टक्का राहतो तो 'कोइन्शुरन्स'. आणि वर्षभरात आपल्या खिशातून यापेक्षा जास्त जाणार नाही अशी जी मर्यादा, ती 'आउट ऑफ पॉकेट मॅक्सिमम'. याशिवाय डॉक्टरकडे गेल्यावर काउंटरवर २०-३० डॉलर घेतात, तो 'कोपे'.

समजा डिडक्टिबल १,५०० डॉलर, कोइन्शुरन्स २० टक्के, वर्षाची मर्यादा ५,००० डॉलर. मार्चमध्ये बर्फावरून घसरून पाय मोडला. विमा कंपनी आणि हॉस्पिटल यांच्यात ठरलेल्या दराने खर्च ११,५०० झाला. पहिले १,५०० आपले. उरलेल्या १०,००० चे २० टक्के, म्हणजे २,००० आपले. एकूण ३,५००. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं, खर्च २०,०००. डिडक्टिबल आधीच भरलेलं. २० टक्क्यांनी ४,००० होतात, पण मर्यादेत फक्त १,५०० शिल्लक आहेत. तेवढेच द्यायचे. त्या वर्षात पुढचा सगळा मान्य खर्च विमा कंपनीचा. नवं वर्ष लागलं की मोजणी पुन्हा शून्यापासून.

हे सगळं 'नेटवर्क'मधल्या, म्हणजे आपल्या विमा कंपनीशी करार असलेल्या डॉक्टरला लागू आहे. बाहेरच्या डॉक्टरकडे गेलात तर हिशेब वेगळा आणि बराच महाग. २०२२पासून तातडीच्या उपचारांत नेटवर्कबाहेरच्या डॉक्टरने वाढीव बिल लावायला केंद्राच्या कायद्याने बंदी आहे. रस्त्यावरची ॲम्ब्युलन्स मात्र त्या कायद्यात येत नाही.

उपचारानंतर दोनतीन आठवड्यांनी विमा कंपनीचं एक पाकीट येतं. आत रकान्यांचा तक्ता: हॉस्पिटलने लावलेले पैसे, मान्य झालेला दर, कंपनीने दिलेले, तुमच्या वाट्याचे. पहिल्या रकान्यात भलामोठा आकडा असतो आणि तो वाचूनच धडकी भरते. कागदावर कुठेतरी छापलेलं असतं की हे बिल नाही. ते वाक्य शोधा. या कागदावर कोणाला काही द्यायचं नसतं. खरं बिल हॉस्पिटलकडून येतं, आणि त्यावरची रक्कम तक्त्यातल्या शेवटच्या रकान्याशी जुळते का, हे पाहायचं. जुळत नसेल तर पैसे न भरता आधी फोन करायचा, कलमवार बिल मागायचं. ना-नफा हॉस्पिटलांना कमी उत्पन्नाच्या रुग्णांसाठी मदतीचं लेखी धोरण ठेवावंच लागतं. तिथे 'फायनान्शियल असिस्टन्स'चा अर्ज मागायला लाज बाळगू नये. विद्यार्थ्यांना तर हे मी कळकळीने सांगेन.

जायचं कुठे, यावरही खर्च ठरतो. ताप, खोकला, मुरगळलेला पाय, लहान जखम यांसाठी 'अर्जंट केअर' असतं, तिथे वेळ न ठरवता जाता येतं आणि खर्च इमर्जन्सीच्या मानाने फार कमी येतो. छातीत कळ, श्वास लागणं, बोलण्यात अडखळणं, मोठा रक्तस्राव यांत मात्र हिशेब करत बसू नका, ९११ लावा. मोठ्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सी विभागाला, रुग्णाकडे विमा आणि पैसे असोत वा नसोत, तपासून त्याची प्रकृती स्थिर करावीच लागते. हा १९८६चा कायदा आहे.

राहिले सहा महिन्यांसाठी येणारे आईबाबा. त्यांना मुलाच्या नोकरीच्या विम्यात सहसा घेता येत नाही, त्यांचा वेगळा पाहुण्यांचा विमा काढावा लागतो. स्वस्तातल्या योजनांत प्रत्येक उपचाराला ठरावीक रक्कम मिळते, उरलेलं आपल्या गळ्यात. थोड्या महाग योजनांत डिडक्टिबलनंतर खर्चाचा बराच मोठा भाग कंपनी उचलते. जुना मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार यांवरचा नेहमीचा उपचार दोन्हींत साधारण बसत नाही. म्हणून विमा घेताना जुन्या आजाराने अचानक उचल खाल्ली तर काय मिळेल, ते कलम शोधून वाचावं, आणि सहा महिन्यांच्या गोळ्या डॉक्टरच्या चिठ्ठीसह निघतानाच सोबत घ्याव्यात.